कंपवातातील व्यायामोपचार

कंपवात, म्हणजेच पार्किन्सन्सचा आजार, असलेल्या व्यक्तींनी औषधांच्या जोडीने करावयाच्या नियमित व नियोजित शारीरिक हालचालींना कंपवातातील व्यायामोपचार असे म्हणतात. वेगाने चालणे, सायकल चालवणे, स्नायूंना बळ देणारे व्यायाम, तोल सांभाळण्याचा सराव, योगासने, नृत्य तसेच आवाजाचे व्यायाम यांचा त्यात समावेश होतो. व्यायामाने हा आजार बरा होत नाही आणि औषधांची गरजही संपत नाही. मात्र चाल, तोल, ताकद, झोप आणि मनःस्थिती यांवर त्याचा हितकारक परिणाम होतो, हे अनेक वैद्यकीय चाचण्यांतून दिसून आले आहे. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातील रुग्णाला मेंदूविकारतज्ज्ञाकडे जाण्यासाठी बहुधा परगावचा प्रवास करावा लागतो. अशा ठिकाणी घराच्या अंगणात रोज करता येणारा उपचार म्हणून व्यायामाचे महत्त्व अधिकच वाढते.

आजाराचे स्वरूप

इंग्लंडमधील वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ झाँ-मार्तँ शार्को यांनी पुढे त्याला पार्किन्सन यांचे नाव दिले. ११ एप्रिल हा पार्किन्सन यांचा जन्मदिन जागतिक पार्किन्सन्स दिन म्हणून पाळला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात ८५ लाखांहून अधिक व्यक्तींना हा आजार होता.

मेंदूच्या सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातील चेतापेशी डोपामिन हे रसायन तयार करतात. या पेशी हळूहळू नष्ट होत गेल्याने हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात, हात किंवा पाय कापू लागतात आणि पुढे तोलही बिघडतो. सर्वसामान्य समजुतीत कंप हेच या आजाराचे मुख्य लक्षण मानले जाते. मराठी नावातही तोच अर्थ आहे. प्रत्यक्षात अनेक रुग्णांना कंपापेक्षा मंदपणाचा त्रास अधिक होतो आणि काहींचे हात तर मुळीच कापत नाहीत. अक्षर बारीक होत जाणे, चालताना एक हात न हलणे, सदऱ्याची बटणे लावण्यास वेळ लागणे, आवाज क्षीण होणे ही आरंभीची चिन्हे ग्रामीण भागात अनेकदा ‘वय झाले’ म्हणून दुर्लक्षिली जातात. बद्धकोष्ठता, वास न येणे, झोपेतील विक्षेप आणि औदासीन्य ही लक्षणे तर हालचालींवर परिणाम होण्याच्या कित्येक वर्षे आधीही दिसू शकतात.

लेव्होडोपा हे औषध १९६० च्या दशकात उपयोगात आले आणि आजही तेच सर्वांत प्रभावी मानले जाते. त्याने मंदपणा व ताठरता कमी होते. तोल जाणे, चालताना अडखळणे आणि आवाज खोल जाणे या तक्रारींवर मात्र त्याचा परिणाम तुलनेने कमी होतो. औषध जिथे तोकडे पडते, नेमके तिथेच व्यायामाचे कार्य सुरू होते.

परिणाम कसा घडतो

निरोगी माणसाला चालताना पावलांचा विचार करावा लागत नाही. सवयीच्या हालचाली विनासायास घडवण्याचे काम मेंदूच्या ज्या भागात होते, तोच भाग डोपामिनच्या अभावी दुबळा होतो. त्यामुळे रुग्णाचे पाऊल आखूड पडते, हाताचा झोका लहान होतो आणि हे घडत असल्याची जाणीवही त्याला राहत नाही. आपण नेहमीसारखेच चालत आहोत, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत असते. म्हणून कंपवाताच्या भौतिकोपचारात ‘मोठी हालचाल’ हा मूलमंत्र मानला जातो. रुग्णाला अतिशयोक्त वाटेल इतके लांब पाऊल टाकण्यास सांगितले जाते आणि पाहणाऱ्याला ते केवळ सामान्य दिसते.

दुसरा मार्ग बाहेरील संकेतांचा. आतून येणारी लय हरवली, तरी बाहेरून मिळालेल्या लयीवर मेंदू चालू शकतो. जमिनीवर आखलेल्या आडव्या रेघा, टाळाचा ठेका किंवा मोठ्याने म्हटलेले आकडे यांच्या आधारे खिळलेले पाऊल सुटते. या विसंगतीचे एक प्रसिद्ध उदाहरण २०१० मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी नोंदवले: ज्याला चार पावलेही धड चालता येत नव्हती, असा एक रुग्ण सायकलवर बसताच सहजपणे ती चालवू लागला. पायडलाची आवर्ती गती हाच तेथे संकेत ठरला असावा, असे मानले जाते. तथापि या उदाहरणावरून रुग्णाने रहदारीत सायकल घेऊन निघणे धोक्याचे आहे. स्थिर सायकल हाच सुरक्षित पर्याय होय.

व्यायामाने चेतापेशींचा ऱ्हास मंदावतो का, हा प्रश्न अद्याप निकाली निघालेला नाही. प्राण्यांवरील प्रयोगांत पेशींचे पोषण करणारी प्रथिने व्यायामाने वाढल्याचे आढळले आहे. माणसांच्या बाबतीत मेंदूच्या प्रतिमांवर आधारित काही आशादायक निरीक्षणे आहेत, परंतु ती मोजक्या व्यक्तींवरील आहेत. ‘व्यायामाने आजार थांबतो’ असा दावा त्यामुळे आज करता येत नाही.

संशोधन

अमेरिकेत झालेल्या ‘स्पार्क्स’ या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. अलीकडेच निदान झालेले आणि कंपवाताची औषधे अद्याप सुरू न केलेले १२८ रुग्ण तीत सहभागी होते. एका गटाने ट्रेडमिलवर कमाल हृदयगतीच्या ८० ते ८५ टक्के इतक्या तीव्रतेने, तर दुसऱ्याने ६० ते ६५ टक्के तीव्रतेने चालावे, असे ठरले. तिसऱ्या गटाची दिनचर्या पूर्ववत ठेवण्यात आली. आठवड्यातून ४ दिवस हा व्यायाम करण्याचे उद्दिष्ट होते. सहा महिन्यांनंतर हालचालींच्या दोषांचे गुणांकन तिसऱ्या गटात सरासरी ३.२ अंकांनी वाढले, म्हणजे प्रकृती तितकी बिघडली. तीव्र व्यायामाच्या गटात ही वाढ अवघी ०.३ होती. मध्यम तीव्रतेच्या गटात ती २ अंकांची होती. रमतगमत चालण्याने मन प्रसन्न होत असेल, परंतु धाप लागेल इतक्या वेगाला पर्याय नाही, हे या चाचणीने प्रथमच इतक्या स्पष्टपणे सुचवले.

नेदरलँड्समधील ‘पार्क-इन-शेप’ चाचणीत, जी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, १३० रुग्णांचा समावेश होता. त्यांपैकी निम्म्यांनी घरीच स्थिर सायकलवर आठवड्यातून ३ वेळा ३० ते ४५ मिनिटे व्यायाम केला, तर उरलेल्यांनी केवळ ताण देण्याचे व्यायाम केले. सहा महिन्यांनी औषधाचा अंमल नसतानाच्या तपासणीत दोन्ही गटांत ४.२ अंकांचा फरक पडला. रुग्णालयात न जाता, घरच्या घरी केलेल्या व्यायामानेही इतका लाभ होतो, ही बाब भारतातील ग्रामीण रुग्णांच्या दृष्टीने विशेष लक्षणीय ठरते.

तोलाच्या बाबतीत २०१२ मधील ताई-ची या चिनी व्यायामप्रकाराची चाचणी महत्त्वाची आहे. १९५ रुग्णांनी २४ आठवडे, आठवड्यातून दोनदा एकेक तास सराव केला. ताई-ची करणाऱ्यांचा तोल ताण देण्याचे व्यायाम किंवा वजनाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारला. पडण्याचे प्रमाण ताण देण्याच्या गटाच्या तुलनेत घटले. हाँगकाँगमध्ये १३८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत योगासने व सजगतेचा एकत्रित सराव हालचालींच्या बाबतीत नेहमीच्या व्यायामाइतकाच गुणकारी ठरला. चिंता व औदासीन्य कमी करण्यात मात्र तो सरस होता.

कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये दीडशेहून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. जवळजवळ सर्व प्रकारच्या व्यायामांनी लाभ होतो आणि अमुकच प्रकार निर्विवाद श्रेष्ठ असल्याचा भक्कम पुरावा नाही, असा त्याचा आशय आहे. रुग्णाला जो व्यायाम आवडेल आणि जो वर्षानुवर्षे चालू राहील, तोच निवडावा, असा व्यवहार्य अर्थ त्यातून निघतो.

नृत्य आणि महाराष्ट्रातील प्रयत्न

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मार्क मॉरिस नृत्यसंस्थेने २००१ मध्ये स्थानिक रुग्णगटाच्या सहकार्याने कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू केला आणि ही कल्पना पुढे अनेक देशांत पसरली. महाराष्ट्रात तिचे रोप पुण्यात रुजले. कथकचे शिक्षण घेतलेले आणि जर्मनीत समकालीन नृत्याचा अभ्यास केलेले नर्तक हृषीकेश पवार यांनी २०१० च्या सुमारास रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू केले. या वर्गांमागे पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ या स्वमदतगटाचे पाठबळ होते. नृत्यात ताल, दिशाबदल, एका पायावरून दुसऱ्यावर भार नेणे आणि क्रम लक्षात ठेवणे या चारही गोष्टी एकाच वेळी घडतात. शिवाय वर्गात येणारी व्यक्ती ‘रुग्ण’ न राहता ‘शिकणारी’ होते. या दुसऱ्या लाभाची मोजदाद कोणत्याही गुणांकनात होत नाही.

पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्ण व शुभंकर, म्हणजे काळजी घेणारे कुटुंबीय, यांच्यासाठी सभा, व्याख्याने आणि सहली आयोजित करते. मुंबईत डॉ. बी. एस. सिंघल यांनी २००१ मध्ये स्थापन केलेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी ही संस्था भौतिकोपचार, वाणी-उपचार आणि समुपदेशन यांचा मेळ घालणारी आधारकेंद्रे चालवते. कोविडकाळापासून असे गट भ्रमणध्वनीच्या पडद्यावरही भरू लागले आणि त्यामुळे मोठ्या शहरांबाहेरील रुग्णांना त्यांत सहभागी होणे शक्य झाले.

बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात

अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग पडतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे तालुके घाटावर, तर मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात येतात. मेंदूविकारतज्ज्ञाच्या सल्ल्यासाठी घाटाखालच्या रुग्णांचा ओढा अकोल्याकडे, तर घाटावरच्यांचा छत्रपती संभाजीनगरकडे असतो. खामगाव ते अकोला हे अंतर सुमारे ५० किलोमीटर, तर बुलढाणा ते छत्रपती संभाजीनगर सुमारे १५० किलोमीटर आहे. बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. तज्ज्ञाची भेट काही महिन्यांतून एकदा होत असेल, तर दोन भेटींच्या मधल्या काळात रुग्ण काय करतो, यावर बरेच काही अवलंबून राहते.

जिल्ह्याची अर्थव्यवस्था कापूस, सोयाबीन, तूर अशा पिकांवर उभी आहे. ‘आयुष्यभर शेतात राबलो, आता निराळा व्यायाम कशाला?’ हा प्रश्न त्यामुळे स्वाभाविक आहे. शेतापर्यंत चालत जाणे निश्चितच उपयुक्त असते. परंतु निंदणी, कापूसवेचणी यांसारखी कामे कमरेतून वाकून, हात आखूड ठेवून, एकाच लयीत तासन्‌तास करावयाची असतात. कंपवातात शरीर आधीच पुढे झुकते व हालचाली आक्रसतात. ही कामे त्याच ठेवणीला खतपाणी घालतात. पाठ ताणणे, कंबर दोन्ही बाजूंना वळवणे, हात पूर्ण उघडणे, मागे पाऊल टाकणे यांपैकी काहीच त्यांत घडत नाही. शेतकाम हे श्रम आहेत, उपचार नव्हेत. डवरणीच्या वेळी ओल्या सरीतून चालताना तोल जाण्याचा धोकाही असतो. कीटकनाशक फवारणीपासून तर दूर राहणेच इष्ट, कारण पॅराक्वाट या तणनाशकासह काही शेतीरसायनांशी दीर्घकाळ आलेला संपर्क आणि कंपवात यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे.

याच्या नेमके उलट टोक घरात दिसते. निदान झाले, की मुले वडिलांच्या हातून काम काढून घेतात, सुना सासूला जागेवरून उठू देत नाहीत. यामागे माया असते, यात शंका नाही. परंतु बाजेवर दिवसभर बसलेल्या व्यक्तीचे मांड्यांचे स्नायू झपाट्याने दुबळे होतात, पडण्याची भीती वाढते, भीतीमुळे हालचाल आणखी घटते आणि हे चक्र अखेर अंथरुणाला खिळवते. स्वतःची आंघोळ, कपडे आणि जेवण स्वतः करणे हा व्यायामाचाच भाग मानला जातो. मदत करण्यापेक्षा थांबून वाट पाहणे कुटुंबीयांना कठीण जाते, पण रुग्णाला बहुधा त्याचीच गरज असते.

ट्रेडमिल वा स्थिर सायकल नसली, तरी घरगुती साधनांवर पुरेसा कार्यक्रम आखता येतो. ओट्यावरून किंवा हात नसलेल्या भक्कम खुर्चीवरून, हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे हा मांड्यांसाठी उत्तम व्यायाम होय. सैल विणीची बाज त्यासाठी अयोग्य असते. तीत कंबर खोल जाते आणि उठणे दुष्कर होते. भिंतीला पाठ, टाचा व डोके टेकवून उभे राहिल्याने पोक कमी होण्यास मदत होते. पाण्याने भरलेल्या बाटल्या वजनांचे काम करतात. दारात पाय खिळत असतील, तर उंबरठ्याच्या अलीकडे खडूने किंवा रंगाने एकेका पावलाच्या अंतरावर आडव्या रेघा आखाव्यात आणि प्रत्येक रेघ ओलांडावी. वळताना जागच्या जागी गिरकी न घेता बैलगाडीसारखा मोठा फेरा घ्यावा. डोक्यावर किंवा हातात ओझे असताना, बोलत बोलत चालणे टाळावे, कारण दोन कामे एकत्र आली की चालण्याकडचे लक्ष सुटते.

शेगाव हे गजानन महाराजांचे स्थान असल्याने वारकरी परंपरा या भागात घरोघरी जिवंत आहे. शेगावहून दरवर्षी पंढरपूरला पायी पालखी जाते. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर खेळल्या जाणाऱ्या पावलीत बाहेरची लय, पुढे-मागे आणि बाजूला पडणारी पावले, शरीराचा झोका आणि सोबत्यांची संगत असते. नृत्योपचारात जे घटक जाणीवपूर्वक आणले जातात, ते येथे आयतेच उपलब्ध आहेत. तोल चांगला असलेल्या, आजाराच्या आरंभीच्या अवस्थेतील व्यक्तीला सोबत्याचा हात धरून पावली खेळता येईल. तोल जात असल्यास बसल्या जागी टाळ वाजवणेही मनगटांसाठी उपयुक्त ठरते. क्षीण होणाऱ्या आवाजासाठी वाणी-उपचारात मोठ्याने, दीर्घ श्वासावर बोलण्याचा सराव दिला जातो. रोजचा हरिपाठ पुटपुटण्याऐवजी ओसरीतून अंगणात ऐकू जाईल अशा स्वरात म्हटल्यास तोच सराव सहज घडतो.

प्रमाण, वेळ आणि खबरदारी

अमेरिकेतील पार्किन्सन्स फाउंडेशनच्या शिफारशीनुसार आठवड्याला एकूण १५० मिनिटे मध्यम ते तीव्र व्यायाम अपेक्षित आहे. आठवड्यातून किमान ३ दिवस धाप लागणारा व्यायाम, २ ते ३ दिवस ताकदीचा व तितकेच दिवस तोलाचा सराव, अशी त्याची विभागणी केली जाते. मध्यम व्यायामाची साधी खूण अशी, की करताना बोलता येते पण गाता येत नाही. आरंभ दहा मिनिटांनी केला तरी चालतो. हृदयविकार, सांधेदुखी किंवा अलीकडे झालेले अस्थिभंग असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला आवश्यक आहे.

औषधाचा अंमल चढलेला असताना, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत गोळी घेतल्यानंतर पाऊण ते एक तासाने, व्यायाम करावा. औषध उतरलेल्या अवस्थेत तोलाचा सराव केल्यास पडण्याची शक्यता वाढते. कंपवातात, तसेच त्याच्या औषधांमुळे, उभे राहताच रक्तदाब घसरू शकतो. म्हणून झोपेतून उठताना आधी काही क्षण बसावे आणि मग उभे राहावे. उष्णतेचे नियमन व घाम येण्याची प्रक्रियाही या आजारात बिघडते. घाटाखाली एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुष्कळ वर जातो, तेव्हा सूर्योदयापूर्वीची वेळच योग्य ठरते आणि पाणी भरपूर प्यावे लागते. पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणापेक्षा ओसरी बरी. घसरणाऱ्या चपलांऐवजी टाचेला पट्टा असलेली पादत्राणे वापरावीत.

खाजकुइलीच्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असते आणि आयुर्वेदात त्या फार पूर्वीपासून वापरल्या जातात. व्यायामासाठी तरतरी यावी म्हणून गोळ्यांच्या जोडीला परस्पर ते चूर्ण घेतल्यास मात्रा अनिश्चितपणे वाढते. त्यातून अनावर हालचाली किंवा भास उद्भवू शकतात.

आजार वाढल्यानंतरही व्यायाम थांबवला जात नाही, त्याचे रूप बदलते. अंथरुणात कुशीवर वळणे, आधाराने बसणे, खांदे फिरवणे, श्वसनाचे व्यायाम आणि गिळण्याचा सराव यांवर भर येतो.

सवलती व सेवा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार कंपवाताचा समावेश दीर्घकालीन चेतासंस्थीय विकारांत होतो. त्यामुळे ठरावीक प्रमाणात अक्षमता असलेल्या रुग्णांना दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते. एसटीच्या बसमध्ये ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास करता येतो. परगावच्या तपासणीसाठी त्याचा उपयोग होतो. केंद्र शासनाच्या ई-संजीवनी सेवेद्वारे दूरस्थ वैद्यकीय सल्लाही घेता येतो.

नेदरलँड्समध्ये २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘पार्किन्सननेट’ या जाळ्याने निराळा मार्ग दाखवला. तेथे नवे रुग्णालय न उभारता, गावोगावच्या भौतिकोपचारतज्ज्ञांना या एकाच आजाराचे विशेष प्रशिक्षण देण्यात आले आणि रुग्णांना त्यांच्याकडे पाठवले जाऊ लागले. असे प्रशिक्षित तज्ज्ञ रुग्णाचा व्यायाम दर काही महिन्यांनी तपासून, त्याची चाल व तोल पाहून, कार्यक्रमात बदल करतात.